बडोद्यात बॉर्डर कॉली वाढवताय आणि अ‍ॅजिलिटी खेळायचीय? मग आधी थांबणं शिकवा

अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्याने मालकाच्या इशाऱ्यावर उड्या, बोगदे, फळ्या असे अडथळे पार करत धावायचा खेळ. बॉर्डर कॉलीचं पिल्लू घरी आलं की आठवड्याभरात लोकांचे प्रश्न सुरू होतात, टनेल कुठे मिळेल, उड्या कधीपासून शिकवायच्या, फ्रिस्बी कुठली घेऊ. मी प्रत्येक नवीन माणसाला एकच सांगते, पळणं, वळणं, झेप घेणं हे त्याला शिकवावं लागत नाही, ते तो घेऊनच आलाय. शिकवायचं असतं ते थांबणं. जो कॉली दुपारी घरात दोन-तीन तास गाढ झोपतो आणि शेजारून अ‍ॅक्टिव्हा गेली तरी तुमच्याकडे बघू शकतो, त्याच्यासोबत पुढे मैदानात खरी मजा येते. ज्याला हे येत नाही तो नुसता भुंकत गोल गोल फिरतो आणि मालक कंटाळून सगळं सोडून देतो. त्यामुळे या लेखात उड्या फार उशिरा येणार आहेत, तोवर धीर धरा.

ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातली, मेंढ्या वळण्यासाठी तयार केलेली. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडला अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला, आजचे जवळजवळ सगळे बॉर्डर कॉली त्याच्याच वंशातले. त्याचं नाव झालं ते तो न भुंकता-चावता नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा म्हणून. चांगल्या मेंढपाळी कुत्र्याचं निम्मं काम थांबण्याचंच असतं, लांबून शिट्टी आली की पळता पळता तिथेच आडवं व्हायचं आणि पुढची शिट्टी येईपर्यंत हलायचं नाही. म्हणजे थांबणं हे या कुत्र्याच्या स्वभावाविरुद्ध आहे असं जे लोक म्हणतात ते चूक आहे, फक्त ते कुणीतरी शिकवावं लागतं. अ‍ॅजिलिटी त्या मानाने अगदी अलीकडची, १९७८ ला क्रफ्ट्स डॉग शोमध्ये मधल्या वेळात प्रेक्षकांची करमणूक म्हणून पहिल्यांदा दाखवली, घोड्यांच्या शो-जंपिंगवरून.

पिल्लू घेण्याआधी

फोटो बघून बुक करू नका, ब्रीडरकडे जा आणि पिल्लाच्या आईला भेटा. आई अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दडत असेल किंवा साखळीवर सतत येरझारा घालत असेल तर तिथूनच परत फिरा, स्वभाव बराचसा रक्तातून येतो. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तेव्हा "लहान आणलं की लळा लवकर लागतो" असं सांगून कुणी महिन्याभराचं पिल्लू गळ्यात मारत असेल तर घ्यायचं नाही.

आई-बापाच्या हिप्सचे एक्स-रे मागा, हिप डिस्प्लेजिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, असलेल्या कुत्र्याकडून उड्या मारून घेणं म्हणजे त्याला आयुष्यभराचं दुखणं देणं. डोळ्यांचा कॉली आय अ‍ॅनॉमली आणि पांढऱ्या पेशींशी संबंधित टीएनएस, हे दोन्ही आनुवंशिक आजार डीएनए टेस्टमध्ये कळतात, त्याचे रिपोर्ट आहेत का ते विचारा, चांगल्या ब्रीडरला असे प्रश्न विचारलेले आवडतात आणि जो चिडतो त्याचं उत्तर आपल्याला मिळालेलंच असतं. मर्ल, म्हणजे फिकट अंगावर गडद ठिगळांच्या रंगाची सध्या फार क्रेझ आहे, पण दोन मर्लचं मेटिंग केलं की काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी जन्मू शकतात, आई आणि बाप दोघंही मर्ल असतील तर सरळ नाही म्हणा.

पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरांशी एमडीआर-वन जीनबद्दल बोलून घ्या. कॉली गटातल्या काही कुत्र्यांना या जीनमुळे आयव्हरमेक्टिनसारखी औषधं जास्त डोसमध्ये झेपत नाहीत. बॉर्डर कॉलीत हा दोष रफ कॉलीपेक्षा खूप कमी असतो, पण असतो, आणि आपल्याकडे गोचीड-खरजेसाठी हे इंजेक्शन सर्रास दिलं जातं, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

पहिले दोन महिने घरात

पिल्लाला दिवसाचे अठरा ते वीस तास झोप लागते. कॉलीचं पिल्लू मात्र स्वतःहून झोपायला जात नाही, घरात काही हललं की ते उठून बघायला येतंच. मग संध्याकाळी सातच्या सुमारास ते घोट्यांना चावायला लागतं, पडद्यांना लटकतं, आणि घरातले म्हणतात की याची एनर्जी जिरली नाही, अजून फिरवून आण. नव्वद टक्के वेळा ते पिल्लू थकलेलं असतं. त्याला क्रेट (पिंजरा) किंवा प्लेपेन (छोटं कुंपण) लावा, घरातल्या शांत कोपऱ्यात, वरून ओढणी टाका, आणि तास-सव्वातास जागं राहिलं की परत आत झोपवा. क्रेटमध्येच जेवण द्या म्हणजे ती जागा त्याला आवडते, शिक्षा म्हणून कधीच आत घालू नका.

आपल्याकडच्या घरांत कोटा नाहीतर गुळगुळीत टाईल्स असतात, त्यावर पिल्लाचे मागचे पाय सारखे फाकतात आणि वाढत्या सांध्यांना हे अजिबात चांगलं नाही. जिथे ते जास्त पळतं तिथे जाजम किंवा रबर मॅट टाका. जिने उचलून उतरवा. सोफ्यावरून खाली उड्या बंद.

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या भीतीने लोक तोवर पिल्लू घराबाहेर काढतच नाहीत, आणि तिथेच घोळ होतो, कारण जग ओळखायचं वय तीन ते साधारण चौदा आठवडे एवढंच असतं. म्हणून खाली न ठेवता उचलून न्या. कमाटीबागेच्या गेटबाहेर रविवारी दहा-पंधरा मिनिटं मांडीवर घेऊन बसा, सकाळी दांडिया बाजारातून एक चक्कर मारा, हातगाड्या, लारीवरच्या मोठमोठ्या हाका, बुरख्यातल्या बायका, हेल्मेट घातलेली माणसं, बँडवाले, सगळं लांबून दिसू दे. प्रत्येकाने उचलून लाड करायची काही गरज नाही, उलट पुढे तो प्रत्येक माणसाकडे धावत सुटेल. बघायचं, खाऊ खायचा आणि घरी यायचं.

खाण्याचं थोडक्यात. आपल्या घरात कुत्रा म्हणजे पोळी-दूध असं समीकरण असतं, पण खेळाडू कुत्र्याचं त्यावर भागत नाही, चांगलं पपी फूड द्या किंवा डॉक्टरांकडून घरच्या जेवणाचा नीट तक्ता बनवून घ्या, आणि पपी फूडवर असताना वरून कॅल्शियम घालू नका, वाढत्या हाडांना जास्तीचं कॅल्शियमही त्रास देतं. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक असतात, तेव्हा प्रसादाची वाटी त्याच्या तोंडाजवळ येऊ देऊ नका, आजी कितीही प्रेमाने देत असल्या तरी. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, शुगर-फ्री च्युइंग गम यांनाही तोच नियम.

सतरंजी

आता मुख्य काम. आमच्या चिंगीसाठी, म्हणजे माझ्या कॉलीसाठी, मी एक जुनी सतरंजी चारपदरी घडी घालून ठेवलीय, आणि तिचं अख्खं ट्रेनिंग त्या सतरंजीवर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल. तुम्ही योगा मॅट घ्या, आसन घ्या, काहीही, फक्त उचलून कुठेही नेता आलं पाहिजे.

सुरुवातीला ती अंथरा आणि काहीच बोलू नका. पिल्लू उत्सुकतेने वास घ्यायला येईल, पाऊल पडलं त्या क्षणी "येस" म्हणा आणि खाऊ सतरंजीवरच ठेवा, हातातून देऊ नका, म्हणजे त्याची नजर तुमच्या हाताऐवजी खाली जाते. खाऊ हरभऱ्याच्या डाळीएवढाच, उकडलेलं चिकन, पनीर, अंड्याचा पांढरा भाग, जे घरात चालतं ते. दोन-तीन मिनिटांत बंद करा आणि सतरंजी गुंडाळून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती अंथरली की ते स्वतःच येऊन बसतं, मग बसल्यावर खाऊ, मग आडवं झाल्यावर, मग आडवं राहिलं तर थोड्या थोड्या वेळाने एकेक तुकडा. त्यानंतर तुम्ही एक पाऊल मागे जा, परत या, खाऊ ठेवा. मग पाठ फिरवा. मग स्वयंपाकघरात जाऊन या. आणि प्रत्येक वेळी उठायची परवानगी तुमच्या एका ठरलेल्या शब्दाने, आमच्याकडे तो शब्द "चल" आहे. शब्दाबाबत घरात एकमत करून घ्या, आजोबा "बस" म्हणतात, मुलगा "सिट" म्हणतो आणि शेजारच्या बेन गुजरातीत "बेस", अशाने पिल्लू गोंधळतं आणि खापर त्याच्यावर फुटतं.

इथे एक गोष्ट बारकाईने बघायची. कॉली आडवा झाला म्हणजे शांत झाला असं नसतं. कोपरं जमिनीवर टेकलीत, मागचे दोन्ही पाय पोटाखाली स्प्रिंगसारखे दाबून ठेवलेत, कान पुढे, डोळे तुमच्या खिशावर, हा कुत्रा कामावर आहे, सुटायची वाट बघतोय. चिंगी पहिले कित्येक दिवस अशीच असायची. मग एकदा संध्याकाळी मी तिथेच खाली बसून मटार सोलत होते, तिने एक मोठा सुस्कारा सोडला, एका बाजूला कलली, मागचे दोन्ही पाय एकीकडे टाकले आणि हनुवटी सतरंजीवर टेकवली. मी काही न बोलता हळूच दोन पंजांच्या मध्ये एक तुकडा ठेवला, "येस"सुद्धा म्हटलं नाही कारण त्या शब्दाने ती परत ताठ झाली असती. तुम्हालाही बक्षीस द्यायचंय ते या कलण्याला. आडवं होणं ही फक्त सुरुवात.

हे घरात पक्कं झालं की सतरंजी घेऊन ओट्यावर जा, मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मग गार्डनच्या कडेला जिथे मुलं क्रिकेट खेळतायत. जागा बदलली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं, यात त्याचा हट्ट वगैरे काही नाही, कुत्र्यांचं डोकं असंच चालतं.

गाड्या, गाई, सावल्या आणि उत्तरायण

मेंढ्या नसल्या की हा कुत्रा जे हलेल त्याला मेंढी समजतो. पळणारी मुलं, सायकली, स्कूटर, आणि बडोद्याच्या रस्त्यावर बसलेल्या गाई. मान खाली, एक पंजा हवेत, नजर रोखलेली, असं दिसलं की तो पुढच्या सेकंदाला सुटणार हे धरून चाला. गाईच्या लाथेने कुत्र्याचा जबडा मोडू शकतो आणि गाडीच्या चाकाखाली काय होतं ते सांगायला नको, म्हणून उघड्या रस्त्यावर पट्टा कधीच सोडायचा नाही, तुमचा रिकॉल, म्हणजे हाक मारल्यावर त्याचं परत येणं, कितीही भारी असला तरी.

शिकवायचं असं. गाड्यांपासून इतक्या लांब उभे राहा की त्याला गाडी दिसते पण तो खाऊ खाऊ शकतो. तो गाडीकडे बघेल, बघताक्षणी "येस", तो तुमच्याकडे वळेल, खाऊ. एवढंच, पाच मिनिटं, घरी. काही दिवसांनी तो गाडी दिसली की स्वतःच वळून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो, मग अंतर थोडं कमी करा. खाऊ तोंडात घ्यायचा बंद झाला तर तुम्ही फार जवळ आलात, मागे जा. ओरडणं, पट्ट्याला झटके देणं याने गाडीची भीती आणि राग दोन्ही वाढतात आणि मग तो चिडून गाडीवर जातो.

सावली, भिंतीवरचा कवडसा, मोबाईलचा उजेड, लेझर, याच्या मागे कॉलीला कधीही खेळवू नका. व्हिडिओत गंमत वाटते पण या जातीत त्याचं वेड लागतं, कुत्रा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो आणि ते सोडवणं फार अवघड जातं. नुकतं सुरू झालं असेल तर पडदे ओढा, त्याला हाक मारून दुसऱ्या कामाला लावा, आणि रोज व्हायला लागलं तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.

आणि आपल्या गावचा खास विषय, उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला आकाशभर काहीतरी हलत असतं, गच्चीगच्चीवर स्पीकर, "काय पो छे"च्या आरोळ्या, कापलेले पतंग अंगणात येऊन पडतात, कॉलीसाठी हे सगळं म्हणजे अति. त्याला गच्चीवर नेऊ नका. मांज्याने पंजे आणि जीभ कापतात, आणि दोरी गिळली तर आतडं कापून ऑपरेशनवर येतं, म्हणून पुढचे पंधरा-वीस दिवस फिरायला जाताना नजर जमिनीवर ठेवा, झाडांच्या बुंध्याशी गुंते पडलेले असतात. ते दोन दिवस पहाटे उजाडायच्या आत फिरवून आणा, दुपारी खिडक्या बंद, पंखा चालू, आणि एखादं मोठं चघळायचं हाडूक किंवा दही भरून गोठवलेलं रबरी खेळणं. नवरात्रीचे गरबे, गणपतीचे ढोल, दिवाळीचे फटाके, या सगळ्याची तयारी महिनाभर आधी करायची, आवाज मोबाईलवर अगदी हळू लावून जेवण द्यायचं आणि दर काही दिवसांनी थोडा वाढवायचा.

खेळाचा पाया, घरातल्याच वस्तूंनी

आता इथून अ‍ॅजिलिटी सुरू होते, उडीचा एकही बार न लावता. सहा महिन्यांपर्यंत एका वेळी दोन-तीन मिनिटंच, दिवसातून तीन-चारदा, आणि त्याला अजून हवं असताना थांबायचं.

टग, म्हणजे ओढाताणीचा खेळ. खेळाडू कुत्र्याचा पगार खाऊपेक्षा खेळात असलेला बरा, कारण धावताना खाऊ देता येत नाही. फ्लीसची वेणी करा, जमिनीलगत डावी-उजवी हलवा, वर-खाली झटके देऊ नका, मानेला त्रास होतो. सुरुवात तुमच्या शब्दावर, आणि "सोड" म्हटल्यावर सोडलं की लगेच परत खेळ, म्हणजे सोडण्यात त्याचं नुकसान नाही हे त्याला कळतं. दात पडत असताना, साधारण चार ते सहा महिने, अगदी हलक्या हाताने.

पाट. जेवायचा लाकडी पाट घ्या, घसरत असेल तर खाली टॉवेल. पुढचे दोन पंजे पाटावर ठेवले की खाऊ. मग तुम्ही त्याच्या भोवती अर्धं पाऊल सरका, त्याला तुमच्याकडे तोंड ठेवायचं असतं त्यामुळे मागचे पाय आडवे टाकावेच लागतात, एक पाय हलला की "येस". कुत्र्याला मागचे पाय नेमके कुठे पडतायत याचं भान फारसं नसतं, आणि पुढे डॉग वॉक या उपकरणावर तीस सेंटीमीटर रुंद फळीवरून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर धावताना तेच भान त्याला सावरतं. दोन्ही बाजूंनी सारखं करून घ्या, प्रत्येक कुत्र्याची एक आवडती बाजू असते.

बादली. उलटी बादली ठेवा आणि तिला वळसा घालायला शिकवा, आधी हाताने दाखवून, मग लांबून पाठवून. डावीकडून वळायचा एक शब्द, उजवीकडून दुसरा. पुढे उडीनंतर घट्ट वळण घेणं म्हणजे हेच.

श्रीखंडाच्या डब्याचं झाकण टार्गेट म्हणून मस्त चालतं, नाकाने झाकणाला हात लावल्यासारखं टेकायचं. ते फळीच्या टोकाशी ठेवलं की कुत्रा थांबून नाक लावतो, कॉन्टॅक्ट झोनचं, म्हणजे फळीच्या टोकाच्या ज्या पट्ट्यात पंजा पडावाच लागतो त्याचं, ट्रेनिंग इथेच अर्धं होतं. फळी जमिनीवर सपाट ठेवा, पुढचे पाय खाली आणि मागचे फळीवर अशी पोझ पक्की करा, उंची नंतर.

आवाजाची भीती घालवायला विटेवर एक पाटी तिरकी ठेवा आणि पंजा ठेवल्यावर ती खट्कन आपटू दे, आधी खाली जाड गोधडी घालून. सी-सॉ खाली येतो तेव्हा असाच आवाज होतो आणि कितीतरी चांगले कुत्रे तिथेच बिचकतात. टनेल म्हणून लहान मुलांचा कापडी बोगदा आणा, पण तो घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावा.

रिकॉलचं एकच सांगते, हाक मारून कधीही वाईट गोष्ट करू नका. आंघोळ, औषध, घरी जायचंय, यासाठी बोलवायचं नाही, स्वतः जाऊन आणायचं. दहा मीटरची लांब दोरी लावून शांत जागी, भायली-सेवासीकडच्या एखाद्या कुंपणाच्या प्लॉटवर ओळखीने परवानगी काढून सराव करा. विश्वामित्रीच्या काठावर मात्र चुकूनही सोडू नका, नदीत मगरी आहेत, २०१९ आणि २०२४ च्या पुरात तर त्या वस्तीत आलेल्या अख्ख्या गावाने बघितल्यात. पुराच्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो, पावसाळ्याआधी ती लस झालीय ना ते बघा.

बॉल सतत फेकत बसू नका. लोकांना वाटतं कुत्रा दमतो, पण तो दमत नाही, त्याला व्यसन लागतं, आणि करकचून ब्रेक मारून वळताना खांद्यांवर ताण येतो.

ऊन

मे महिन्यात इथे पारा ४२-४३ ला जातो. पहाटे साडेपाच-सहा आणि रात्री नऊनंतर, या दोनच वेळा बाहेरच्या. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सहन झालं नाही तर त्यालाही होणार नाही. अंगावरचे केस भादरून टाकू नका, केसांचा दुहेरी थर उन्हापासूनही वाचवतो, नुसतं नीट विंचरून मेलेले केस काढा.

कॉली स्वतःहून थांबत नाही, पडेपर्यंत खेळतो, म्हणून घड्याळ तुमच्या हातात. जीभ लांब आणि टोकाशी रुंद झाली, सावली शोधायला लागला की बंद. हिरड्या विटेसारख्या लाल, चिकट लाळ, झोकांड्या, उलटी, हा हीट स्ट्रोक आहे, लगेच नळाचं पाणी पोटावर, मांड्यांत, सगळ्या अंगावर ओता, पंखा लावा आणि तसंच ओलं डॉक्टरांकडे न्या, ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत अडकते. या जातीत आणखी एक प्रकार आहे, बॉर्डर कॉली कोलॅप्स, पाच-पंधरा मिनिटं जोरात खेळल्यावर कुत्रा भांबावल्यासारखा होतो, मागचे पाय ओढतो, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात सावरतो. सावरला म्हणून सोडून देऊ नका, शक्य असेल तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, अशा कुत्र्याला उकाड्यात जोराचा खेळ नको. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने आम्ही घरात वासाचे खेळच खेळतो, चिंध्यांत खाऊ लपवायचा, कपाटामागे खेळणं ठेवायचं, दहा मिनिटांत चिंगी सतरंजीवर जाऊन झोपते.

गवतात खेळून आल्यावर कानात, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली गोचीड बघा. खाणं सोडलं, ताप, हिरड्या फिकट, असं दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, टिक फीव्हरला उशीर परवडत नाही.

खरी उपकरणं, वर्ष उलटल्यावर

हाडांची वाढीची टोकं बंद व्हायला साधारण बारा ते चौदा महिने लागतात, कुणाला त्याहून जास्त. तोपर्यंत पाईप जमिनीवर ठेवून त्यावरून पळणं, नुसत्या दोन खांबांमधून जाणं, एवढंच. डॉक्टरांनी ओके म्हटल्यावर बार घोट्याएवढा, मग महिन्या-महिन्याने वर. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्ये अठरा महिन्यांच्या आत कुत्रा उतरवताच येत नाही, आणि मोठ्या कुत्र्यांच्या गटात उडीची उंची ५५ ते ६० सेंटीमीटर असते, तिथे पोचायची घाई कशाला.

बार पीव्हीसी पाईपचे, प्लंबिंगच्या दुकानात सगळं मिळतं, पण बार नुसता टेकवलेला असावा, धक्का लागला की पडला पाहिजे. घट्ट बसवलेल्या बारने कुत्र्याचा पाय मोडतो. ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा A आकाराचा चढ), डॉग वॉक, सी-सॉ सुताराकडून करून घेतलात तर पृष्ठभागावर वाळू मिसळलेला रंग किंवा रबर लावून घ्या, आणि शेवटचे नव्वद सेंटीमीटर पिवळे रंगवा, ए-फ्रेमला थोडे जास्त. त्या पिवळ्यात पंजा पडला नाही तर पाच फॉल्ट, बार पाडला तर पाच, उपकरण नाकारलं तर पाच, आणि तिसऱ्या नकाराला बाहेर.

वीव पोल, म्हणजे खांबांमधून नागमोडी पळणं, सगळ्यात शेवटी, मणक्याला खूप वळावं लागतं. बारा खांब, साठ सेंटीमीटरच्या अंतराने, पहिला खांब नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी. खांब आधी दोन रांगांत लांब ठेवून मधून सरळ पळू द्या आणि रांगा हळूहळू जवळ आणा, घाईने जवळ आणल्या तर तो खांब गाळायला शिकतो.

सात-आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कधीतरी तो सगळं विसरल्यासारखा वागेल, हाक ऐकणार नाही, कालपर्यंत ओळखीच्या कचराकुंडीला घाबरेल. वय आहे, जातं. त्या काळात नवीन काही शिकवू नका, सोप्पं घ्या आणि सतरंजी रोज करा.

केनेल क्लब ऑफ इंडियाशी जोडलेल्या क्लबांच्या डॉग शोमध्ये ओबेडियन्सच्या (आज्ञा पाळण्याच्या) टेस्ट असतात, नवख्यांनी तिथून सुरुवात करावी असं माझं मत. पण पहिल्या वेळी एन्ट्री भरू नका. कुत्र्याला घेऊन नुसते जा, रिंगपासून लांब झाडाखाली सतरंजी अंथरा, पाण्याचा वाडगा ठेवा आणि बसा. तो तिथे एका बाजूला कलला तर पुढच्या शोची एन्ट्री भरा, नाही कलला तर अर्ध्या तासात गाडीत घालून घरी आणा आणि पुढच्या वेळी परत तसंच जाऊन बसा.